अडतीस वाक्यं

इस्पितळात त्याला सगळे किल्लीवाले म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा वगैरे काही नव्हता, किल्ल्या सगळ्या डोक्यात. तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत इस्पितळाची सामायिक साठवण होती. रुग्णांचे फोटो, अहवाल, ध्वनिमुद्रणं, सगळं तिथे जाऊन पडायचं. तिला सगळे कोठार म्हणत. वरच्या चौदा खोल्यांमध्ये लिनक्सवर चालणारे चौदा कॉम्प्युटर होते. रोज सकाळी ते सुरू झाले की प्रत्येकाला पासवर्ड देऊन कोठाराशी जोडावं लागे, आणि तो पासवर्ड कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचा नाही, असा मोठ्या साहेबांचा दंडक होता. त्यामुळे सात ते आठ हा गृहस्थ जिने चढत-उतरत चौदा ठिकाणी तोच पासवर्ड बडवत फिरायचा. अठरा वर्षं फिरला. त्याच्या गुडघ्यांना इस्पितळातला एकूण एक जिना पाठ होता.

माणूस भारी शंकेखोर. घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरला की परत वर जाऊन ते ओढून बघणार. गॅस बंद आहे का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणार. 'मी तपासलंय' हे त्याचं आवडतं वाक्य, आणि त्याने तपासलंय म्हटल्यावर दुसरा कोणी परत बघायच्या भानगडीत पडत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते वाचून कोणीही म्हणेल की हलगर्जीपणा केला असेल. हलगर्जीपणा त्याच्या रक्तातच नव्हता.

त्याला एक ताई होती. आई गेली तेव्हा ताई सोळाची आणि हा सहाचा, तेव्हा ताई की आई हा प्रश्न तो कधी सोडवत बसला नाही. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या फोनवर एकतीस वर्षं नोकरीला होती. 'बोला, काय तक्रार आहे?' हे ती दिवसातून दीडशे वेळा म्हणायची. माणसं शिव्या द्यायला फोन करायची आणि तिचे आभार मानून फोन ठेवायची, असा तिचा आवाज. जाडसर, किंचित खरखरीत, वाक्याच्या शेवटी जरा हसल्यासारखा. निवृत्त झाली आणि दोन वर्षांत तोच आवाज बसायला लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: गाठ स्वरयंत्रातच आहे, ते पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल.

"म्हणजे तक्रारीच बंद," ताई म्हणाली.

इस्पितळाच्या वाचाविभागात एक सोय होती. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला आवाजाच्या खोलीत बसवून त्याच्या आवाजात निदान साडेतीनशे वाक्यं ध्वनिमुद्रित करायची. त्यावरून एक कृत्रिम आवाज तयार करता येई. मग रुग्णाने छोट्या पडद्यावर काहीही टाइप करावं, आणि ते त्याच्याच आवाजात ऐकू यावं. हा विभाग ज्या बाई सांभाळत, त्यांना सगळे आवाजबाई म्हणत. ताईसाठी त्यांनी अकरा सकाळी राखून ठेवल्या. आवाज अजून शाबूत होता, पण रोज थोडा थोडा घसरत होता.

आवाजाची खोली म्हणजे चौदा नंबरची. भिंतींना जाड फोम, मध्ये काच, काचेच्या अलीकडे कॉम्प्युटर, पलीकडे माइक आणि खुर्ची. पहिल्या दोन सकाळी किल्लीवाले बाकीच्या तेरा खोल्या धावतपळत उरकून पोचले, पासवर्ड दिला, कोठार जोडलं आणि घाम पुसत उभे राहिले. तोवर ताई खुर्चीत बसून वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी तर वीस मिनिटं. ती काचेतून त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली. बाहेर ऐकू आलं नाही, पण तिचा हात 'जा, जा' असा हलला.

त्या दिवशी घरी जाताना ती म्हणाली, "धाकट्या, तू असा तिन्ही मजले धापा टाकत येतोस आणि मला तुझीच काळजी लागते. मग वाक्यं नीट येत नाहीत. तुझं ते कुलूप आपोआप उघडायची काही सोय नाही का?"

सोय होती. अठरा वर्षं होती. साहेबांची परवानगी नव्हती एवढंच. तो त्याच संध्याकाळी साहेबांकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "करा. पण तुमच्या जबाबदारीवर."

त्याने ते काम फार निगुतीने केलं. पासवर्ड एका फाइलमध्ये घातला, आणि ती फाइल कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याशिवाय कोणालाही उघडता येणार नाही असा बंदोबस्त केला. सुरू होताना काय काय जोडायचं, याची कॉम्प्युटरकडे एक यादी असते. त्या यादीत कोठारासाठी एक ओळ लिहिली. ओळीच्या शेवटी एक छोटा शब्द टाकला, त्याचा अर्थ असा की कोठार सापडलं नाही तरी अडून बसू नकोस, पुढे चल. हा शब्द नसता तर कधी काही बिघडल्यावर पडदा काळा होऊन कॉम्प्युटर तिथेच थांबला असता आणि परिचारिका घाबरल्या असत्या. माणसांचा विचार करूनच त्याने तो शब्द टाकला. मग प्रत्येक कॉम्प्युटर तीनदा रीस्टार्ट केला. चौदा त्रिक बेचाळीस वेळा कोठार आपोआप जोडलं गेलं. एकदाही चुकलं नाही.

"तपासलंय," त्याने आवाजबाईंना सांगितलं.

तिसऱ्या दिवसापासून तो सकाळचा मोकळा झाला. आता तो ताईला घरून घेऊन येई, जिन्यात हात धरी, कोमट पाण्याचा थर्मास घेऊन खोलीबाहेरच्या बाकावर बसे. दारावर लाल दिवा लागला की आत ताई बोलते आहे असं समजायचं. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो सकाळी आठ वाजता नुसता बसला होता, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

ताई बाहेर आली की हिशोब सांगायची. "आज बेचाळीस. त्यातलं एक वाक्य होतं, 'मला निळा सदरा हवा आहे.' मी आयुष्यात कधी निळा सदरा मागितला नाही. आता मागत बसेन."

"आपण घेऊ निळा सदरा."

"तू गप्प बैस."

शेवटच्या दिवशी ठरलेली वाक्यं संपली होती आणि आवाजबाईंनी तिला स्वतःच्या मनातलं काय हवं ते बोलायला सांगितलं. ही वाक्यं जशीच्या तशी जपून ठेवतात. बटण दाबलं की ऐकू येतात, आवाज कृत्रिम नाही, खराच. लिहून आणा, असं बाईंनी आदल्या दिवशी सुचवलं होतं, पण ताईने मान हलवली. "लिहून बोलले की कचेरीतल्या फोनसारखं होतं. मी आपली सुचेल तसं बोलेन." बाई समजूतदार. त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केलं, काचेवरचा पडदा ओढला आणि बाहेर येऊन बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. लाल दिवा पस्तीस मिनिटं चालू होता.

ताई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा खुलला होता.

"झालं. लेकीसाठी बरीच आहेत, बिचारीला आयुष्यभर पुरतील. तुझ्यासाठी एकच आहे."

"काय आहे?"

"आता सांगितलं तर मग त्यात काय राहिलं? नंतर ऐक."

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. सात तास चालली आणि चांगली झाली. ताईच्या गळ्याला खाली एक भोक आणि त्यात नळी, हातात वही आणि पेन. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा लिहिलं, 'पाणी आलं का?' आणि डोळ्यांनी हसली. तिची लेक म्हणजे त्याची भाची, ती रडत रडत हसली. आवाज येईपर्यंत पंधरा दिवस वहीवर भागवायचं, असं सगळ्यांनी ठरवलं.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला आवाजबाईंचा फोन आला. "किल्लीवाले, जरा वर येता का? ताईंची वाक्यं पुढे पाठवायची आहेत, आणि मला फोल्डरमध्ये अडतीसच दिसतायत."

"अडतीस कशी असतील? किती हवीत?"

"माझ्या वहीत चारशे एकतीस आहेत."

तो जिने चढला. वाटेत त्याला काही वाटलं नाही. गडबड होते कधी कधी, फोल्डर दुसरीकडे असेल. आधी बाईंच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर त्याने कोठार उघडलं. पहिल्या दिवसाची एकोणीस, दुसऱ्या दिवसाची एकोणीस. पुढे काही नाही. बाईंनी आपली वही पुढे केली. रोजची संख्या, रोजची वेळ, सुबक अक्षरात. "रोज पडद्यावर हिरवी खूण येत होती हो," त्या म्हणाल्या. "जतन झालं, म्हणून."

मग दोघं आवाजाच्या खोलीत गेली आणि तिथला कॉम्प्युटर कोठाराशी जोडलेला आहे का ते त्याने पाहिलं. जोडलेला नव्हता.

बाईंनी नेहमीच्या सवयीने विचारलं की काही अडचण असेल तर बंद करून सुरू करू का, आणि भिंतीवरच्या लाल बटणाकडे हात केला. ते बटण बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

या खोलीच्या भिंतींना फोम होता. आगीच्या नियमाप्रमाणे संध्याकाळी इथे काहीही चालू ठेवायचं नाही, म्हणून एक लाल बटण होतं. ते दाबलं की झाडून सगळं बंद, आणि सकाळी दाबलं की सगळं एकदम सुरू. कॉम्प्युटर, दिवे, आणि कोपऱ्यातला नेटवर्कचा डबा. बाकीच्या तेरा खोल्यांतले डबे दिवसरात्र चालू असत. इथला डबा रोज सकाळी झोपेतून उठायचा, आणि त्याला पूर्ण जागं व्हायला अडीच मिनिटं लागायची. कॉम्प्युटर चाळीस सेकंदांत तयार. तो कोठार शोधायचा, डबा अजून झोपेत, कोठार सापडायचं नाही. आणि त्याला सांगितलेलंच होतं, अडून बसू नकोस, पुढे चल. तो निमूटपणे पुढे जायचा.

किल्लीवाल्यांनी तीनदा तपासलं होतं ते रीस्टार्ट करून. रीस्टार्ट करताना डबा जागाच असतो. लाल बटण दाबून एकदाही तपासलं नव्हतं. पूर्वी हाताने पासवर्ड द्यायला ते येईपर्यंत अडीच मिनिटं कधीच होऊन गेलेली असत, त्यामुळे अठरा वर्षांत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं.

मग ताईची वाक्यं गेली कुठे? फोल्डर म्हणजे एक दार. कोठार जोडलेलं असेल तर दारामागे कोठार, नसेल तर नुसता भिंतीतला कोनाडा, म्हणजे त्या कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क. दार दोन्ही वेळा तेच. बाईंचा प्रोग्राम दारातून वाक्यं आत टाकून हिरवी खूण दाखवत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. वाक्यं रोज कोनाड्यात नीट पडत होती.

एवढंच असतं तर ती तिथे सापडली असती. पण काही वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता आणि त्यात रुग्णांचे अहवाल तसेच राहिले होते. त्यावरून बराच गहजब झाला. तेव्हा किल्लीवाल्यांनीच तीन ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती: कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यात आधी कोनाडा रिकामा करायचा, रुग्णाचं काही मागे राहू द्यायचं नाही. साहेबांनी बैठकीत तिचं कौतुक केलं होतं. ती स्क्रिप्ट रोज सकाळी बटण दाबल्यावर इमानेइतबारे चालत होती आणि ताईची आदल्या दिवशीची वाक्यं पुसून टाकत होती. तो बाहेर थर्मास घेऊन बसलेला असताना.

तीन दिवस तो त्या डिस्कला चिकटून बसला. पुसलेलं परत मिळवायचे असतील नसतील तेवढे उपाय केले. डिस्क नव्या प्रकारची होती, पुसलं की खरोखर पुसणारी. सुरक्षिततेसाठी हीच घ्या, अशी शिफारस त्यानेच केली होती. तिसऱ्या दिवशी एका फाइलचा तुकडा हाती लागला. चार सेकंदांचा. त्यात खुर्ची करकरली, कोणीतरी श्वास घेतला, आणि तुकडा संपला. तो त्याने किती वेळा ऐकला ते विचारू नका.

दुरुस्ती मात्र एका ओळीची निघाली. नेटवर्क जागं होईपर्यंत थांब, मग कोठार जोड, जोडलं नाही तर ध्वनिमुद्रणच सुरू करू नकोस. त्याने लाल बटण सात वेळा बंद-चालू करून पाहिलं. सातही वेळा कॉम्प्युटर शहाण्यासारखा थांबला. आता सगळं अगदी व्यवस्थित चालत होतं.

भाचीला त्याने दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. तिने सगळं ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मामा, तू तपासलं होतंस ना?"

"हो. तीन वेळा."

तिने मान डोलावली आणि ती खाली निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

ताईला सांगताना त्याने सगळं क्रमाने सांगितलं. डबा, अडीच मिनिटं, कोनाडा, तीन ओळी. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की तो नुसता तपशील सांगत सुटला आहे, कारण तपशील संपले की त्याला तिच्याकडे बघावं लागणार होतं. ते संपले. ताई खिडकीबाहेर बघत होती. नळीतून श्वासाचा बारीक आवाज येत होता. मग तिने वही घेतली.

'आणखी कोणाचं गेलं?'

"दोघांचं. त्यांची शस्त्रक्रिया व्हायचीय अजून. ते परत येऊन बोलतील."

'मग बरं.'

"ताई, बरं काय त्यात? मी तुझा आवाज घालवला. साहेबांसमोर हट्ट करून घालवला."

तिने पेन उचललं, थांबली, मग तिरक्या अक्षरात लिहिलं, 'तक्रार नोंदवली आहे. आता जेवून घे. तोंड बघ कसं झालंय.'

तो तिथे पलंगाच्या कडेला बसून रडला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण लहान मुलासारखा रडला. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 'उगी' म्हणायला तिचे ओठ हलले आणि गळ्याच्या नळीतून नुसती हवा आली.

आवाजबाईंनी चौकशी केली होती. अडतीस वाक्यांवरून आवाज तयार होत नाही. तयार आवाजांपैकी एखादा निवडता येईल, त्यात बायकांचे सहा आहेत, म्हणाल्या. ताईने सहाही ऐकले. सहाही बातम्या देणाऱ्या बायका वाटत होत्या. तिने चौथ्यावर बोट ठेवलं, कारण कुठलातरी निवडायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ती अडतीस वाक्यं तिच्या परवानगीने आणली आणि इअरफोनचं एकेक टोक दोघांनी कानात घातलं. एक ते वीस आकडे. वारांची नावं. 'आज हवा छान आहे.' 'दार लावून घ्या.' ताई स्वतःचा आवाज तोंडावर हात ठेवून ऐकत होती. दुसऱ्या दिवसाच्या पहिल्याच फाइलमध्ये, वाक्याच्या आधी, माइक चालू आहे हे माहीत नसताना ती बोलली होती: "उघडलंस का रे? बरं. आता जा, पाणी पी आधी. रोज असा पळत येऊ नकोस धाकट्या, मी काही कुठे जात नाही."

त्याने ते परत लावलं नाही. कानातलं काढलं, वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाला, "ताई, एक मागू? शेवटच्या दिवशी माझ्यासाठी एक बोलली होतीस. ते तेवढं लिहून दे."

ताईने लगेच वही ओढली. हे तर तिच्या हातात होतं. तिने दोन शब्द लिहिले आणि खोडले. छताकडे बघत ओठ हलवून पाहिले. पुन्हा एक पूर्ण ओळ लिहिली, वाचली आणि नाही, नाही अशी मान हलवून तीही खोडली. तो वाट बघत होता. त्याला वाट बघायची सवय होती. बऱ्याच वेळाने तिने पानाच्या तळाशी लिहिलं आणि वही त्याच्याकडे फिरवली.

'काय म्हणायचं होतं ते माहीत आहे. पण तिथे जसं आलं होतं तसं येत नाही.'

"मग जसं येईल तसं लिही. मला चालेल."

तिने वही परत घेतली. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं, तिथे शाईचा ठिपका झाला. मग तिने त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं,

'तू ऐकणारच होतास, म्हणून मी लक्षात ठेवलं नाही.'